बायसनच्या शिकारीला जावे का ?

(बायसन हा उत्तर अमेरिकेतील गवताळ मैदानांवर राहणारा मोठा प्राणी आहे. माणसाने त्याला एकदा जवळजवळ संपवले आणि नंतर पुन्हा वाढवले. आता काही ठिकाणी त्याला मारावे की मारू नये, असा प्रश्न उभा राहतो. असा अवघड प्रश्न समोर आला असता विचार कसा करावा, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थ्यांनो, समजा, तुम्ही वीस-बावीस वर्षांचे आहात आणि अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात राहता. लहानपणापासून तुम्ही वडिलांबरोबर रानात गेला आहात. बंदूक कशी सांभाळावी, नेम कसा धरावा, हे तुम्हांला ठाऊक आहे. २०२१ सालच्या मे महिन्यात एक सूचना तुमच्या वाचनात येते. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात बायसनची संख्या फार वाढली आहे. ती कमी करण्यासाठी बारा कुशल नेमबाज स्वयंसेवक हवे आहेत. अर्ज करण्यास दोनच दिवसांची मुदत आहे. सांगा, तुम्ही अर्ज कराल का ?

ही सूचना काल्पनिक नाही. ती खरोखरच निघाली होती. त्या दोन दिवसांत ४५ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले. जागा होत्या बारा. सोडत काढून माणसे निवडावी लागली. इतक्या लोकांना जावेसे वाटले. पण आपल्याला जावेसे वाटते, एवढ्यावरून जाणे योग्य ठरते का? घाईने ‘हो’ म्हणू नका आणि घाईने ‘नाही’ही म्हणू नका. आधी त्या प्राण्याची ओळख करून घ्या.

बायसन हा गाय-म्हशींच्या कुळातला प्राणी. मोठा नर खांद्यापाशी सहा फूट उंच असतो आणि त्याचे वजन नऊशे किलोपर्यंत भरते. डोके प्रचंड, मानेवर आणि खांद्यावर दाट केस, पाठीवर उंच वशिंड. हिवाळ्यात मैदानावर बर्फ साचते, तेव्हा तो डोके डावीउजवीकडे हलवून बर्फ बाजूला सारतो आणि खालचे गवत खातो. इतके अवजड शरीर असूनही तो ताशी ५५ किलोमीटर वेगाने धावू शकतो. मादीला एका वेळी बहुधा एकच वासरू होते. नुकते जन्मलेले वासरू तांबूस रंगाचे असते. अमेरिकेत सामान्य लोक बायसनला ‘बफेलो’ म्हणतात. पण तो आपल्याकडच्या म्हशीहून वेगळा आहे.

एके काळी उत्तर अमेरिकेत तीन ते सहा कोटी बायसन होते, असा अंदाज आहे. लाकोटा, शायान, ब्लॅकफूट अशा अनेक मूळ रहिवासी जमातींचे सारे जीवन या प्राण्यावर अवलंबून होते. मांस खाण्यासाठी, कातडी तंबूंसाठी व पांघरण्यासाठी, हाडे हत्यारांसाठी, स्नायूंचे तंतू दोऱ्यासाठी. वाळलेले शेणसुद्धा जळण म्हणून उपयोगी पडे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात एक उंच कडा आहे. तेथे हजारो वर्षे लोक बायसनचे कळप कड्याकडे हाकत नेत आणि त्यांना खाली पाडत. १९८१ साली युनेस्कोने त्या जागेचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. म्हणजे या प्राण्याची शिकार माणसाला नवी नाही.

मग कोट्यवधी बायसन गेले कुठे ? एकोणिसाव्या शतकात युरोपीय वंशाचे लोक मैदानांत मोठ्या संख्येने आले. १८६९ साली आगगाडीचा मार्ग देशाच्या पूर्व भागापासून पश्चिम किनाऱ्याकडे पोहोचला. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातडीपासून टिकाऊ चामडे तयार करण्याची रीत सापडली. कारखान्यांतील यंत्रांच्या पट्ट्यांना असे चामडे हवे होते. त्यामुळे कातडीला बाजारात भाव आला. शिकारी दिवसाला डझनांनी जनावरे मारू लागले. ते कातडी सोलून नेत आणि मांस तेथेच सडू देत. बायसन संपले म्हणजे त्यांच्यावर जगणाऱ्या जमाती आपोआप शरण येतील, असाही काही अधिकाऱ्यांचा हिशेब होता. पुढे मैदानांवर उरलेली हाडेसुद्धा खतासाठी गाडीत भरून विकली गेली. १८८९ साली विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञाने उरलेल्या बायसनची गणती केली. सारे मिळून ते हजाराच्या आसपास होते. कोटींचे हजार व्हायला एका माणसाचे आयुष्यही लागले नाही !

त्यानंतर लोक जागे झाले. १९०५ साली ‘अमेरिकन बायसन सोसायटी’ स्थापन झाली. १९०७ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन आगगाडीने ओक्लाहोमा येथे पाठवण्यात आले आणि तेथील राखीव रानात सोडण्यात आले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९०२ च्या सुमारास जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. आज तेथे ते काही हजार आहेत. हा प्राणी टिकवण्यासाठी अनेकांनी प्रयत्नांची शिकस्त केली. २०१६ साली अमेरिकेने बायसनला राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मान दिला.

आता तुमच्या मनात प्रश्न येईल, ‘इतक्या कष्टांनी वाचवलेला प्राणी पुन्हा मारायचा कशाला ?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडील पठारावर मिळते.

या पठारावर १९०६ साली चार्ल्स जोन्स नावाच्या माणसाने बायसन आणले. गाय आणि बायसन यांचा संकर करून नवी जात तयार करावी, असा त्याचा विचार होता. तो बेत फसला, पण कळप राहिला. पुढे तो राज्य सरकारकडे आला. उद्यानाबाहेर या बायसनची शिकार परवाना घेऊन करता येई. जनावरे मात्र हुशार ! ज्या बाजूला बंदुकीचे बार ऐकू येतात, ती बाजू त्यांनी सोडली आणि जेथे शिकारीला बंदी आहे, त्या उद्यानात मुक्काम ठोकला. काही वर्षांपूर्वी त्यांची संख्या चारशे ते सहाशेपर्यंत गेली. पठाराला सुमारे दोनशे बायसन झेपतील, असे उद्यानाचे मत होते.

ते पठार कोरडे आहे. तेथे पाण्याचे झरे आणि तळी मोजकीच आहेत. शेकडो अवजड जनावरे त्या पाण्यात उतरतात, काठ तुडवतात, पाणी गढूळ करतात. गवत मुळापर्यंत खाल्ले जाते, माती उघडी पडते. जुन्या मानवी वस्तीच्या खुणाही त्यांच्या खुरांखाली मोडतात. त्याच पाण्यावर आणि गवतावर इतर लहानमोठे जीवही जगतात. बायसनची संख्या आवरणारे लांडग्यांचे कळप त्या पठारावर आता नाहीत. म्हणजे एका जिवावर दया करताना इतर जिवांचे नुकसान होते. हा झाला जाण्याच्या बाजूचा मुद्दा.

न जाण्याच्या बाजूलाही मुद्दे आहेत. पहिला मुद्दा असा, की मारण्यावाचून दुसरा उपाय नव्हता, असे नाही. २०१९ सालापासून उद्यानातील काही बायसन जिवंत पकडून मूळ रहिवासी जमातींकडे पाठवले जात होते. ज्या लोकांकडून हा प्राणी हिरावला गेला, त्यांच्याच जमिनीवर तो परत गेला. काम खर्चाचे आणि सावकाश होणारे; पण त्यात जीव जात नाही. शिकारीच्या बाजूचे लोक म्हणतात, की एवढ्याने संख्या लवकर घटत नाही. दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत.

दुसरा मुद्दा यलोस्टोनकडे पाहिले म्हणजे कळतो. कडक हिवाळ्यात तेथील बायसन चाऱ्याच्या शोधात उद्यानाची हद्द ओलांडून मोंटाना राज्यात उतरतात. हद्दीबाहेर शिकार करता येते. काही जमातींना तर १८५५ साली झालेल्या करारांनी शिकारीचा हक्क दिलेला आहे. त्यांच्यासाठी ही शिकार म्हणजे पूर्वजांच्या जीवनाशी पुन्हा जोडले जाणे होय. शेजारचे पशुपालक बायसनला घाबरतात. कारण काही बायसनमध्ये ब्रुसेलोसिस हा रोग असतो. या रोगाने गाभण गाईंचा गर्भ पडतो. हा रोग मुळात पाळीव गुरांकडूनच बायसनला लागला, हेही लक्षात ठेवा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात जनावरे फार मोठ्या संख्येने बाहेर आली आणि शिकाऱ्यांनी एक हजारापेक्षा अधिक बायसन मारले. अरुंद जागेत, हद्दीपलीकडे वाट पाहत उभ्या असलेल्या बंदुकांसमोर भुकेलेले जनावर येते. हिवाळा सरत असताना बऱ्याच माद्या गाभण असतात. अशा शिकारीला शिकार म्हणावे का, असा प्रश्न तेथील कित्येक लोकच विचारतात.

तेव्हा ‘शिकार वाईट’ किंवा ‘शिकार चांगली’ एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. निर्णय घेणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. ते एकामागून एक असे :

पहिला प्रश्न : कायदा काय म्हणतो ? कायद्याने मनाई असेल, तर विचार तेथेच संपला. पुढच्या प्रश्नांकडे जाण्याची गरजच नाही.

दुसरा प्रश्न : गरज खरी आहे का ? ‘संख्या फार झाली’ असे कोण म्हणते ? त्याने जनावरे मोजली आहेत का ? सौम्य उपाय करून पाहिले आहेत का ?

तिसरा प्रश्न : मला ते नीट जमेल का ? ग्रँड कॅन्यनला निवडलेल्या स्वयंसेवकांची परीक्षा होती. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या झाडायच्या. त्यांतल्या तीन गोळ्या चार इंच रुंदीच्या वर्तुळात लागल्या पाहिजेत. ही अट उगीच नव्हती. गोळी चुकीच्या जागी लागली, तर जखमी जनावर पळते आणि तासन्‌तास तडफडते. ज्याचा नेम पक्का नाही, त्याने दुसऱ्याच्या जिवावर सराव करू नये.

चौथा प्रश्न : गोळी झाडल्यानंतरचे काम मी करीन का ? पठाराची उंची सुमारे आठ हजार फूट. तेथे हवा विरळ असते. मोटारगाडी वापरायची नव्हती. पाठीवर सत्तावीस किलो ओझे घेऊन दिवसाला तेरा किलोमीटर चालण्याची ताकद हवी, अशी अट होती. मोठ्या नराचे मांस दोनशे किलोच्या आसपास भरते. ते सारे माणसांनी पाठीवरून आणायचे. प्रत्येक स्वयंसेवकाला एका बायसनचे मांस घरी नेता येत होते. कातडीसाठी मारून मांस फेकणारे शिकारी तुम्हांला आठवतात ना ? मांस वाया घालवणार असाल, तर त्यांच्यात आणि तुमच्यात काय फरक उरला ?

पाचवा प्रश्न : मी कशासाठी जातो ? घरच्यांना वर्षभर पुरेल एवढे अन्न मिळावे म्हणून ? पठारावरचे पाणी वाचावे म्हणून ? की मेलेल्या जनावराच्या शेजारी उभे राहून फोटो काढावा म्हणून ? हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. कारण त्याचे उत्तर दुसरा कोणी तपासू शकत नाही.

आणि सहावा प्रश्न : रिकाम्या हाताने परतण्याची माझी तयारी आहे का ? जनावर फार दूर असेल, मध्ये वासरू असेल, वारा उलटा असेल, तर बंदूक खाली ठेवता आली पाहिजे. ज्याला थांबता येत नाही, त्याच्या हाती बंदूक शोभत नाही.

त्या वर्षी काय झाले, ते ऐका. निवडलेले स्वयंसेवक रानात गेले, पण मारले गेले ते चारच बायसन. पंचेचाळीस हजार अर्ज आणि चार बायसन ! ज्यांनी अर्ज करताना केवळ बार उडवण्याचा विचार केला असेल, त्यांना हा आकडा नवलाचा वाटला असेल. ज्यांनी वरचे प्रश्न स्वतःला विचारले असतील, त्यांना वाटला नसेल.

तुम्ही म्हणाल, ‘हे सारे अमेरिकेत. आमचा त्याच्याशी काय संबंध ?’ संबंध आहे. आपल्या सह्याद्रीत गवा राहतो. इंग्रजांनी त्याला ‘बायसन’ म्हटले आणि ते नाव चिकटले. खरे तर गवा आणि अमेरिकेतील बायसन हे एकाच कुळातले, पण वेगवेगळे प्राणी. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे रान पूर्वी संस्थानच्या राजांचे शिकारीचे रान होते. १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते. गोव्याने तर गव्याला आपला राज्यप्राणी मानले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गव्याचे नाव आहे. त्याची शिकार करणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. म्हणजे आपल्याकडे पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळते : शिकार नाही.

पण बंदूक नसली, म्हणजे आपल्यासमोर निर्णय नसतोच, असे समजू नका. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा वाट चुकून शिरला. बातमी पसरली. लोक धावत आले. कोणी आरडाओरडा करत होते, कोणी मोबाइलवर चित्रण करत होते. बिथरलेला गवा गल्ल्यांतून, भिंतींवर आदळत पळत राहिला. वनखात्याच्या लोकांनी त्याला काही तासांनी पकडले, पण त्याच दिवशी तो मेला. त्याच्यावर कोणीही गोळी झाडली नव्हती. त्या गर्दीतला प्रत्येक जण फक्त पाहायला आला होता.

असा प्रसंग तुमच्या गावात किंवा गल्लीत उद्या येऊ शकतो. रानातले जनावर वाट चुकते. मित्र हाक मारतात, ‘चल, पाहायला !’ तेव्हा तुमच्याकडे अर्ज भरायला दोन दिवस नसतात. दोन क्षण असतात. त्या दोन क्षणांत स्वतःला विचारा : मी गेल्याने त्या जिवाचे भले होईल का ? आणि मी कशासाठी जातो आहे ? उत्तर ज्याचे त्याने द्यायचे आहे.

शब्दार्थ

वशिंड – पाठीवरील उंचवटा. सोडत – चिठ्ठ्या टाकून केलेली निवड. संकर – दोन वेगळ्या जातींपासून नवी जात तयार करणे. झेपणे – पेलणे, सहन होणे. रास्त – योग्य. गाभण – पोटात पिल्लू असलेली (मादी). तुडवणे – पायांखाली दाबणे. विरळ – पातळ, कमी दाट. अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी. बिथरणे – घाबरून बेभान होणे.

शिकस्त करणे – होईल तेवढे सारे प्रयत्न करणे.
बेत फसणे – ठरवलेली गोष्ट न साधणे.
मुक्काम ठोकणे – एका जागी राहणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बायसन हिवाळ्यात गवत कसे शोधतो ?
(२) १८८९ साली बायसनची गणती कोणी केली ?
(३) ग्रँड कॅन्यनमधील बायसन उद्यानात का राहू लागले ?
(४) गोव्याचा राज्यप्राणी कोणता ?

प्र. २. कारणे द्या.
(१) १८७१ नंतर बायसनची कत्तल वाढली.
(२) मोंटानातील पशुपालक बायसनला घाबरतात.
(३) स्वयंसेवकांच्या नेमाची परीक्षा घेतली गेली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मूळ रहिवासी बायसनच्या शरीराचा कोणकोणता उपयोग करत ?
(२) पठारावर बायसन फार झाल्याने कोणते नुकसान होते ?
(३) पाठातील सहा प्रश्नांपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता वाटतो ? का ?

प्र. ४. हिशेब करा.
दोनशे किलो मांस आणायचे आहे. एक माणूस एका खेपेत सत्तावीस किलो आणतो. एकट्याला किती खेपा कराव्या लागतील ?

भाषाभ्यास

(अ) शिकार, अर्ज, परवाना, कायदा, हक्क, मैदान, जनावर, हिशेब. हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.
(आ) काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत ‘शिकस्त करणे’ म्हणजे पराकाष्ठेचे प्रयत्न करणे. ‘राजीनामा’ या शब्दाचे दोन्ही भाषांतील अर्थ शिक्षकांना विचारून वहीत लिहा.
(इ) ‘ज्याला थांबता येत नाही, त्याच्या हाती बंदूक शोभत नाही.’ ‘ज्याला... त्याच्या...’ अशी रचना वापरून तीन वाक्ये तयार करा.

उपक्रम

वर्गात दोन गट करा. एका गटाने ‘मी अर्ज करीन’ ही बाजू मांडावी, दुसऱ्या गटाने ‘मी अर्ज करणार नाही’ ही बाजू मांडावी. नंतर गटांनी बाजू बदलून पुन्हा बोलावे.